माळ्यावरचा टीएनसी पुन्हा जागा करताना

माळ्यावरचं खोकं खाली काढलं तेव्हा टीएनसीच्या बुडाला वहीचा एक कागद चिकटून आला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: टीएक्सडिले ३०, मॅक्सफ्रेम २, पॅकलेन १२८. वीसएक वर्षांपूर्वी रात्री जागून, एकेक आकडा बदलून ठरवलेली ही मापं. कागद हातात घेतला आणि पॅकेट रेडिओ पुन्हा सुरू करायचं ठरवलं. पण पुढचे दोन महिने ज्या क्रमाने काम केलं तो क्रमच चुकला. आधी रास्पबेरी पायवर नोडचं सॉफ्टवेअर चढवलं, मेलबॉक्स उघडला, नोडला नाव दिलं आणि मग लक्षात आलं की माझा सेट एकही पॅकेट धड उलगडत नाहीये.

म्हणून योग्य क्रम लिहून ठेवतो. आधी ऐकायचं. ऐकणं पक्कं झालं की एकाच शेजाऱ्याशी जोडणी करायची. नोड, मेलबॉक्स, गावोगावचं जाळं हे सगळं त्यानंतर. ज्यांनी नव्वदीच्या दशकात बाराशे बॉडवर आपण टाइप केलेल्या ओळी हवेतून जाताना पाहिल्या आहेत, त्यांना यातलं अर्धं येतंच. उरलेलं अर्धं मधल्या काळात बदललं आहे, आणि परतणारा माणूस तिथेच अडकतो.

आधी परवाना

परवाना काढा आणि मुदत बघा. पत्ता बदलला असेल तर तोही दुरुस्त करून घ्यावा लागेल. हे अर्ज आता दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवरून जातात. मुदत उलटली असेल तर नवा कागद हाती येईपर्यंत ट्रान्समिट करू नका. इथल्या पहिल्या निम्म्या पायऱ्यांना ट्रान्समिट लागतही नाही, त्यामुळे काम अडत नाही.

आपला दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. अमेरिकेत तो १४८ पर्यंत जातो, म्हणून तिकडच्या पुस्तकांतली फ्रिक्वेन्सी डोळे मिटून सेटमध्ये भरू नका. गावात कोणत्या फ्रिक्वेन्सीवर पॅकेट चालवायचं ते स्थानिक क्लबला आणि रिपीटर सांभाळणाऱ्यांना विचारून ठरवा. आणि मजकूर उघड्या भाषेतच हवा. हौशी पट्ट्यांवर सांकेतिक कुलूप लावलेला मजकूर चालत नाही, मग इंटरनेटवर त्याची कितीही सवय झालेली असो.

खोक्यातल्या पेटीची जात ओळखा

पेटी काडेपेटीहून थोडी मोठी असेल, तिला वेगळी वीज लागत नसेल आणि ती थेट संगणकाच्या सिरियल पोर्टात बसत असेल, तर तो बेकॉम मोडेम. हा आराखडा जर्मनीतल्या हॅमनी केलेला. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीसीएम ३१०५ ही चिप आणि तिच्या शेजारी ४.४३३६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. हाच क्रिस्टल पॅल पद्धतीच्या रंगीत टीव्हीत असतो आणि आपल्याकडचे टीव्ही पॅलचेच होते. माझ्या मोडेममधला क्रिस्टल टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मोडक्या बोर्डावरून काढून दिलेला आहे. चिपसाठी मात्र लॅमिंग्टन रोडला तीन फेऱ्या झाल्या होत्या.

या मोडेमवर माझा जीव आहे, तरी सांगतो: तो बाजूला ठेवा. त्याला स्वतःचा मेंदू नाही. तो फक्त स्वरांचं बिटांत आणि बिटांचं स्वरांत रूपांतर करतो. बिट गोळा करून त्यांचं पॅकेट बनवण्याचं काम संगणक करायचा, सिरियल पोर्टच्या तारांवर थेट लक्ष ठेवून आणि वेळेचा काटेकोर हिशोब करून. आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो, आणि यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं तर ती वेळ पाळली जात नाही. कन्व्हर्टर चांगलं आणलं की चालेल, असं समजून मी चार संध्याकाळी घालवल्या. तुम्ही घालवू नका.

पेटीला बारा व्होल्टचा सॉकेट असेल आणि पुढे दिव्यांची रांग असेल, तर तो खरा टीएनसी, म्हणजे टर्मिनल नोड कंट्रोलर. ॲरिझोनातल्या टूसान शहराच्या टीएपीआर गटाने ऐंशीच्या दशकात टीएनसी-२चा आराखडा काढला, त्यात झेड-८० प्रोसेसर होता, आणि एमएफजे १२७० सारख्या पेट्या त्याच घराण्यातल्या. कॅन्ट्रॉनिक्सचा केपीसी-३ वेगळ्या घराण्यातला, पण काम तेच. या पेट्यांना मेंदू आहे, म्हणून त्या आजही चालतात. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरही त्यांना चालतं. फक्त ते आरएस-२३२ पातळीचं घ्या. मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डांसाठी मिळणारं पाच व्होल्टचं कन्व्हर्टर इथे उपयोगाचं नाही.

वीज देण्याआधी झाकण उघडा. आत मापं लक्षात ठेवणारा एक बटणसेल असतो आणि इतक्या वर्षांत तो मेलेला असणारच. गळून त्याने बोर्डावर हिरवट डाग पाडलेला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन जागा स्वच्छ करा, मग नवा सेल बसवा. ईप्रॉम चिपच्या काचेवरचा कागद उचकटला असेल तर काळी टेप लावा. मगच बारा व्होल्ट द्या, तेही लहान फ्यूज मध्ये घालून आणि प्लगची धन-ऋण बाजू मीटरने तपासून.

आता टर्मिनल उघडा. पडद्यावर अगम्य चिन्हं सांडत असतील तर आनंद माना. पेटी जिवंत आहे, फक्त बॉड रेट जुळत नाही. केपीसी-३ची आठवण पुसली गेली असेल तर ती वेगवेगळ्या वेगांनी एकच विनंती करत राहते, की वेग ठरवण्यासाठी तारांकन दाबा. ते वाक्य वाचता येईल त्या क्षणी तारांकन दाबायचं आणि मग कॉलसाइन विचारला की तो द्यायचा. टीएनसी-२ घराण्यात मागच्या लहान स्विचांवर वेग ठरतो. पेटी दिवे लावते पण बोलत नाही, असं झालं तर ती बहुधा किस मोडमध्ये अडकलेली आहे. तिला १९२, २५५, १९२ हे तीन बाइट पाठवले की ती बाहेर येते.

खोकं रिकामं निघालं तरी हरकत नाही. मधल्या काळातला सर्वांत मोठा बदल हाच, की टीएनसी आता सॉफ्टवेअरमध्ये आला आहे. लिनक्सवर किंवा रास्पबेरी पायवर डायरवुल्फ, विंडोजवर यूझेड७एचओचं साउंडमॉडेम. दोन्ही फुकट आणि दोन्ही जुन्या टीएनसीपेक्षा कानाने तिखट. सोबत एक यूएसबी साउंड कार्ड आणि सेटचा पीटीटी ओढणारी सोय लागते. डिजिरिगसारख्या छोट्या इंटरफेसमध्ये दोन्ही एकत्र मिळतं. पीटीटीसाठी व्हॉक्सचा आधार घेऊ नका. आवाज थांबल्यावरही व्हॉक्स काही क्षण सेट दाबून धरतं, आणि समोरच्याची पोच नेमकी त्याच क्षणांत येत असते.

अँटेना

इथे फार वेळ घालवायचा नाही. पाव तरंगाची साधी ग्राउंड प्लेन, उभा दांडा साधारण ४९ सेंटीमीटर, खाली चार तिरके दांडे. एसडब्ल्यूआर बघून दांडा कापायचा. केबल लांब असेल तर आरजी-५८ टाळा. या पट्ट्यावर वीस मीटर आरजी-५८मध्ये जवळजवळ ४ डेसिबल, म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती, केबलमध्येच जिरते.

एकच गोष्ट मन लावून करा. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि केबल घरात येण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. आपल्याकडचा जुलै कनेक्टरला क्षमा करत नाही. मी माझी जुनी केबल कापली तेव्हा तांब्याची जाळी हातभर आतपर्यंत काळी पडलेली होती. जुनी केबल पुन्हा वापरू नका.

ऐकणं

सेट १४५.८२५ मेगाहर्ट्झवर लावा. ही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या पॅकेट डिजिपीटरची फ्रिक्वेन्सी, सगळ्या जगाला एकच. शहरात एकही पॅकेट स्टेशन उरलेलं नसलं तरी हे डोक्यावरून जातं. जमिनीपासून चारशेएक किलोमीटर उंचीवरून ते दर दीड तासाने पृथ्वीची फेरी मारतं. आपल्याला त्यातल्या काहीच फेऱ्या दिवसभरात मिळतात आणि चांगली फेरीही दहाएक मिनिटांत संपते. फेरीच्या वेळा फोनवरच्या कुठल्याही उपग्रह ॲपमध्ये दिसतात. डिजिपीटर कधीकधी बंद असतो, म्हणून तो चालू आहे का ते आधी बघून घ्या.

स्क्वेल्च पूर्ण उघडा. हा नियम ऐकण्याच्या सगळ्या पायऱ्यांना लागू आहे. स्क्वेल्च उघडायला लागणारा क्षण पॅकेटची सुरुवात खातो, आणि सुरुवात गेली की सगळं पॅकेट गेलं. हॅन्डहेल्ड असेल तर बॅटरी सेव्हर बंद करा. तो रिसीव्हरला मधूनमधून झोपवतो आणि त्या डुलकीत पॅकेट निसटतं. मला ही गोष्ट तीन फेऱ्या वाया गेल्यावर उमगली.

मग आवाजाची पातळी. पॅकेट न उलगडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, तेव्हाही आणि आजही. बाराशे बॉडचं पॅकेट म्हणजे दोनच स्वर, १२०० हर्ट्झ आणि २२०० हर्ट्झ, सेकंदाला जास्तीत जास्त १२०० वेळा आलटून पालटून. स्वर बदलला तर शून्य, तसाच राहिला तर एक. सगळा अर्थ त्या बदलांच्या वेळेत आहे. पातळी जास्त झाली की साउंड कार्ड लाटांचे माथे छाटतं, दोन स्वरांच्या ताकदीचं प्रमाण बिघडतं आणि उलगडणाऱ्या प्रोग्रॅमला बदल कुठे झाला ते नीट दिसत नाही.

डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटसोबत पातळीचा आकडा छापतो. तो पन्नासच्या आसपास हवा. शंभरच्या पुढे जायला लागला तर सेटचा आवाज कमी करा. लिनक्सच्या मिक्सरमध्ये 'ऑटो गेन कंट्रोल' नावाचा एक खटका असतो आणि स्वस्त साउंड कार्डांत तो मुळातच चालू असतो. तो बंद करा. नाहीतर शांततेत तो आवाज वाढवत नेतो आणि पॅकेट आलं की पहिला तुकडा फुटलेला मिळतो. फोनवर बोलायला ही सोय चांगली, पॅकेटला घातक.

शक्य असेल तर आवाज स्पीकरमधून घेण्याऐवजी सेटच्या मागच्या सहा पिनांच्या डेटा सॉकेटमधून घ्या. तिथली पातळी व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबून नसते, त्यामुळे घरातल्या कुणी रेडिओचा आवाज कमी केला तरी पॅकेट चालू राहतं. त्या सॉकेटात बाराशेची आणि शहाण्णवशेची पिन वेगळी असते. बाराशेची घ्या.

रेडिओवर काहीच ऐकू येत नसेल आणि दोष कुठे आहे ते कळत नसेल, तर रेडिओ बाजूला ठेवून तपासा. डायरवुल्फसोबत एक छोटा प्रोग्रॅम येतो, जो पॅकेटचा आवाज फाइलीत तयार करून देतो. ती फाइल फोनवर घ्या, हेडफोनच्या तारेने साउंड कार्डाला द्या. पडद्यावर मजकूर उमटला तर संगणकाची बाजू ठीक आहे, दोष सेटकडे शोधा. कुठल्याही बिघाडात अशी मधून दोन भागांत विभागणी करत गेलं की निम्मा वेळ वाचतो.

मला अंतराळ स्थानकाचं पहिलं पॅकेट मिळालं ते एका पहाटे, फेरी संपता संपता. दीड ओळ मजकूर आणि मध्ये डिजिपीटरच्या नावापुढे तारांकन. ते तारांकन म्हणजे हे पॅकेट वरून परतून आलं आहे. गच्चीवर उभा राहून मी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली.

बोलणं

आता ट्रान्समिट, पण आधी डमी लोडवर आणि कमी शक्तीवर.

इथेही पातळीच महत्त्वाची, आता दुसऱ्या दिशेने. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकं डेव्हिएशन जास्त. पॅकेटला साधारण ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशन पुरतं. त्याहून जास्त झालं की सेटमधला लिमिटर स्वर छाटतो, आणि गंमत अशी की आपल्या सेटवर सगळं छान दिसतं, फक्त समोर कुणाला काही उलगडत नाही. डेव्हिएशन मोजायचं यंत्र घरी नसतं. त्याऐवजी असं करा. दुसरा सेट किंवा हॅन्डहेल्ड खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकायला ठेवा. डायरवुल्फमधून चाचणीचा एकच स्वर सोडा. साउंड कार्डाची पातळी तळापासून हळूहळू वाढवा. दुसऱ्या सेटवरचा आवाज वाढत जाईल आणि एका ठिकाणी वाढायचा थांबेल. तिथे लिमिटर लागला. आता मागे या, आवाज कानाला स्पष्ट कमी झालेला जाणवेल इतकं. तिथे पातळी सोडून द्या आणि मिक्सरमधला आकडा कागदावर लिहा.

साउंड कार्ड एक व्होल्टच्या घरात आवाज बाहेर काढतं आणि माइकच्या तारेला काही मिलिव्होल्ट पुरतात. डेटा सॉकेटला बाराशेसाठी बऱ्याच सेटमध्ये चाळीसएक मिलिव्होल्ट लागतात. म्हणून मध्ये दहा किलोओहमचा प्रीसेट घाला. नाहीतर मिक्सरचा दांडा तळाच्या एक-दोन घरांतच खेळवावा लागतो आणि पातळी कधीच नीट बसत नाही.

पहिल्यांदा पूर्ण शक्तीवर गेलो तेव्हा माझा सेट दाबलेलाच राहिला. पॅकेट संपलं तरी पीटीटी सुटेना. अँटेनातली रेडिओलहर ऑडिओच्या तारेत शिरून इंटरफेसला भुलवत होती. तारेवर दोन्ही टोकांना फेराइटचे चाप बसवले, तार सेटपासून दूर वळवली, तेव्हा थांबलं. म्हणून पहिल्या काही दिवसांत ट्रान्समिट चालू ठेवून स्वयंपाकघरात जाऊ नका. सेटमध्ये ट्रान्समिटची वेळ-मर्यादा लावण्याची सोय असतेच, ती एक मिनिटावर ठेवा.

मग टीएक्सडिले. सेट दाबल्यापासून मजकूर सुरू होईपर्यंतची ही वाट, शतांश सेकंदांत मोजलेली. माझ्या कागदावरचे ३० म्हणजे ३०० मिलिसेकंद. या वाटेत टीएनसी एकच ठराविक चिन्ह पुन्हापुन्हा पाठवत राहतो, त्यामुळे कानाला आधी एकसुरी गुरगुर ऐकू येते आणि मग मजकुराची खरखर. पूर्वी मी कुणाचंही पॅकेट ऐकून त्याने टीएक्सडिले उगाच मोठा ठेवला आहे का ते सांगू शकायचो. काही दिवस ऐकलं की तुमचाही कान परत येईल. सुरुवात ५० वर करा, समोरून पोच मिळत राहील तोवर पाचापाचाने उतरत जा, पोच चुकायला लागली की दहाने वर चढा.

एक शेजारी

आता खरी जोडणी. बीकन सोडून कुणी ऐकतंय का ते बघत बसू नका. फोन उचला आणि शहरातल्या एखाद्या जुन्या पॅकेटवाल्याला सांगा की अमुक वाजता अमुक फ्रिक्वेन्सीवर बस. माझ्यासाठी तो हडपसरला निघाला. त्याचाही टीएनसी माळ्यावरच होता. दोघांनी फोन स्पीकरवर ठेवून, समोरासमोर बसल्यासारखी पहिली संध्याकाळ काढली. पॅकेट चालेना तेव्हा त्याच्या फोनमधून मला माझंच पॅकेट ऐकू येत होतं, फुटलेलं. त्यावरून पातळी लगेच सापडली.

मापं सावधपणे धरा. मॅक्सफ्रेम १, पॅकलेन ६४. म्हणजे एक छोटं पॅकेट जाईल, त्याची पोच येईल, मग दुसरं. हळू आहे, पण दोष कुठे आहे ते दिसतं. सात पॅकेट एकदम पाठवून मधलं एक हरवलं तर त्यापुढची सगळी पुन्हा पाठवावी लागतात आणि फ्रिक्वेन्सी तुंबते. पुन्हापुन्हा पाठवणी होत असेल तर आधी शक्ती वाढवू नका. पातळी, टीएक्सडिले आणि कनेक्टर या क्रमाने बघा.

किस वापरत असाल तर पर्सिस्टन्स ६३ आणि स्लॉटटाइम १० ठेवा. याचा अर्थ फ्रिक्वेन्सी मोकळी दिसली तरी लगेच उडी मारायची नाही, दर दशांश सेकंदाला चारात एक अशा शक्यतेनेच बोलायचं. दोघांतच हे निरर्थक वाटेल, पण तिसरा आला की याच सवयीवर सगळं चालतं.

नवं म्हणून एकच सुधारणा याच टप्प्यावर चालू करा: एफएक्स.२५. मूळ एएक्स.२५ पॅकेटमध्ये एक बिट चुकला तरी सगळं पॅकेट फेकलं जातं. एफएक्स.२५ त्याभोवती दुरुस्तीचे बाइट गुंडाळतं, आणि जुन्या टीएनसीलाही आतलं मूळ पॅकेट नेहमीसारखं वाचता येतं, त्यामुळे माळ्यावरच्या पेट्या तुटत नाहीत. आयएल२पी याहून नेटकं आहे, पण त्यासाठी दोन्ही टोकांना तेच लागतं. शेजाऱ्याकडे जुना टीएनसी असेल तर ते थांबू द्या.

मग जाळं

वाईच्या मित्राला जोडायचं ठरलं तेव्हा घाट आडवा आला. त्याचं पॅकेट पुण्यात पोचत नाही, माझं तिकडे जात नाही. पुरंदरच्या बाजूला उंचावर शेतघर असलेला एक हॅम आम्हा दोघांनाही ऐकतो. त्याच्याकडे रास्पबेरी पाय, डायरवुल्फ आणि लिनबीपीक्यू बसवलं. इंग्लंडच्या जॉन वाइजमन यांचं बीपीक्यू डॉसच्या काळापासून चालत आलेलं आहे, जुन्या लोकांना नाव आठवेल. आज त्याच एका प्रोग्रॅममध्ये नोड, मेलबॉक्स आणि गप्पांची खोली असं सगळं आहे.

इथे साधा डिजिपीटर लावायचा मोह होतो. तो टाळा. डिजिपीटर फक्त ऐकलेलं पुन्हा म्हणतो, पोच मात्र थेट टोकापासून टोकापर्यंत जावी लागते. नोड प्रत्येक टप्प्यावर स्वतः पोच देतो. घाटाच्या एका बाजूला पॅकेट हरवलं तर तेवढ्याच टप्प्यात ते पुन्हा जातं, सगळा प्रवास पुन्हा करावा लागत नाही. आणि घाटाने आम्हाला आणखी एक धडा दिला. मी आणि वाईकर एकमेकांना ऐकत नाही, त्यामुळे दोघांनाही फ्रिक्वेन्सी मोकळी वाटते, दोघेही एकदम बोलतो आणि मध्यावरच्या नोडला फक्त कचरा मिळतो. पर्सिस्टन्सची सवय इथे कामी येते. पॅकेटही लहानच ठेवावी लागतात.

दूरच्या शहरांतले नोड इंटरनेटवरून जोडता येतात. बीपीक्यूमध्ये एएक्सयूडीपीची सोय त्यासाठीच आहे. ती वापरा, पण रेडिओची एक तरी जोडणी रोज चालती ठेवून. इंटरनेटचा टप्पा लागला की दहा मिनिटांत जगभरचे नोड यादीत दिसायला लागतात आणि मग सिंहगड रस्त्यावरच्या शेजाऱ्यासाठी अँटेना उंच करायचा उत्साह राहत नाही. माझं असं झालं होतं, एक पूर्ण पावसाळा. आयपी जाळ्याची आवड असेल तर ४४ने सुरू होणारे पत्ते अजून हॅमसाठी आहेत. २०१९मध्ये त्यातला पाव हिस्सा विकला गेला, तरी उरलेले आपल्या गरजेच्या कितीतरी पट आहेत.

मराठीत पाठवायचं असेल तर

जुन्या दिवसांत आम्ही रोमन लिपीत मराठी लिहायचो, कारण पर्याय नव्हता. आता आहे, फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या. एएक्स.२५ला मजकूर कोणत्या लिपीत आहे याच्याशी कर्तव्य नाही, ते आठ बिटांचा बाइट जसाच्या तसा नेतं. पण टीएनसी-२ घराण्याची पेटी टर्मिनलशी मुळात सात बिटांत बोलते आणि आठवा बिट कापून टाकते. म्हणून एडब्ल्यूलेन ८, पॅरिटी ०, आणि ८बिटकन्व्ह चालू. नाहीतर देवनागरीचा चुरा होतो. टर्मिनल दोन्हीकडे यूटीएफ-८वर हवं.

तिसरी गोष्ट लांबीची. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा ही वेगळी चिन्हं मोजली जातात. पॅकलेन १२८ असेल तर एका पॅकेटमध्ये ४२ चिन्हं बसतात आणि ४३वं मधोमध तुटतं. तुटलेल्या जागी काही टर्मिनल चौकोन दाखवतात. म्हणून ओळ छोटी ठेवायची आणि चाळीस चिन्हांच्या आत एंटर मारायचा. 'पाऊस सुरू झाला' या ओळीला ३८ बाइट लागतात. पत्ते आणि तपासणीचे बाइट धरूनही ती अर्ध्या सेकंदाच्या आत हवेतून जाते.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी तीच ओळ पाठवली. पुरंदरच्या नोडने पोच दिली, टीएनसीवरचा दिवा विझला. मग काही सेकंद काहीच नाही. मग खरखर, आणि वाईहून: 'इकडे अजून नाही'.